पाकाचे चटके

सरोजिनीबाईंच्या हलव्याला जो काटा यायचा तो ग्वाल्हेरच्या साऱ्या लश्कर भागात दुसऱ्या कुणाच्या हलव्याला येत नसे, आणि हे सांगायला त्यांचे यजमान भालचंद्रराव कुणी विचारायची वाट बघत नसत. भाजीवाल्याला सांगत, न्हाव्याला सांगत. एकदा तर रेल्वेत शेजारी बसलेल्या एका सरदारजींना त्यांनी झाशी येईपर्यंत संक्रांतीचा हलवा म्हणजे काय ते समजावलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्या भल्या माणसानं, "गाजर का?" असं विचारलं, तेव्हा भालचंद्ररावांनी जे खिडकीकडे तोंड फिरवलं ते उतरेपर्यंत.

हलवा म्हणजे साखरेचे पांढरेशुभ्र, काटेरी दाणे. परातीत खसखस किंवा तीळ घ्यायचे, खाली शेगडीची मंद धग ठेवायची, चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. पुन्हा पाक, पुन्हा फिरवणं. असे चार-पाच दिवस गेले की दाण्याला काटा फुटतो. हवा जितकी गार आणि कोरडी तितका तो टोकदार. मग ते दाणे दोऱ्यात ओवून दागिने करायचे, नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी किंवा बाळाच्या बोरन्हाणासाठी. माधवगंजातल्या, इंदरगंजातल्या, पार हजिऱ्यातल्या मराठी घरांतल्या बाळांनी सरोजिनीबाईंच्या हातचे मुकुट घातले होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी ते तिथल्या तिथे खाल्लेही होते.

या कौतुकाची किंमत सरोजिनीबाईंची बोटं देत असत. थंडी लागली की टोकांना जखमा व्हायच्या. लहान, खोल, भरायला महिना-महिना घेणाऱ्या. 'पाकाचे चटके' असं त्यांचं घरातलं नाव. संध्याकाळ झाली की भालचंद्रराव जुन्या धोतराच्या चिंध्या आणि तुपाची वाटी घेऊन बसत आणि बायकोचं एकेक बोट गुंडाळत. काम असं सावकाश आणि मन लावून चालायचं की सरोजिनीबाई म्हणायच्या, "लग्न झालं तेव्हा घरात एवढी माणसं, की माझा हात धरायची तुमची हिंमत नव्हती. आता वसुली करताय सगळी."

"नाझर होतो मी. वसुली करणारच," भालचंद्रराव म्हणत.

जिल्हा न्यायालयातून ते नाझर म्हणून निवृत्त झाले होते. कोर्टानं काढलेला आदेश, समन्स, जप्ती, जे काय असेल ते ज्याच्या त्याच्या दारात नेऊन बजावण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. त्यामुळे जगात दोनच गोष्टी असतात, आदेश निघणं आणि आदेश बजावला जाणं, आणि या दोहोंच्या मध्ये माणसाला हातपाय हलवायला भरपूर जागा असते, यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

सध्या त्यांचे हातपाय एकाच कामी हलत होते. मुलगा बळवंत पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. त्याची नेमणूक रायपूरला होती तेव्हा रायपूर मध्य प्रदेशातच होतं. मग एका मध्यरात्री छत्तीसगड वेगळं झालं आणि बळवंत जागचा न हलता परराज्यात गेला. नोकरांची वाटणी मागाहून होणार, कोण इकडे आणि कोण तिकडे ते समिती ठरवणार, असं सांगितलं गेलं. ते ठरता ठरता तीन वर्षं उलटली. या तीन वर्षांत भालचंद्ररावांनी भोपाळला इतक्या अर्ज्या धाडल्या होत्या की पोस्टातला बाबू त्यांना बघताच तिकिटं फाडायला घेई.

घराण्याची परंपराच तशी होती. त्यांचे वडील, रघुनाथराव ऊर्फ अण्णा, शिंदेशाहीत दफ्तरदार. संस्थान विलीन होऊन मध्य भारत झालं, ते त्यांनी सोसलं. छप्पन साली मध्य भारतही मोडलं, राजधानी भोपाळला गेली आणि सगळी कचेरी गाठोडी बांधून निघाली, तेव्हा मात्र रघुनाथरावांनी राजीनामा दिला. "नकाशा बदलला म्हणून माणसानं हलायचं नसतं," असं ते म्हणाले होते. चौदा वर्षांच्या भालचंद्रानं ते ऐकलं होतं आणि त्या दिवसापासून आजतागायत तो हललेला नव्हता.

त्या मार्गशीर्षात कुमुदिनी आली. माधवगंजातल्याच जयसिंहराव भोइट्यांची ती मुलगी. भोइट्यांच्या घरात सात पिढ्या शिपाईगिरी केलेली. कुमुदिनीनं दिल्लीला डॉक्टरकी केली आणि परत येऊन इंदरगंजात दवाखाना थाटला. तिच्या भावाचं लग्न नुकतंच झालं होतं आणि वहिनीसाठी दागिने हवे होते.

"काकू, सब कुछ चाहिए हं. बिंदी, बाजूबंद, कंबरपट्टा... आणि मंगळसूत्र तर हवंच," ती म्हणाली. "माझ्या बोरन्हाणाचे दागिने तुम्हीच केले होते. आई अजून सांगते, मी बासरी खाऊन टाकली होती."

"बासरी तुझी नव्हतीच. तुझ्या भावाची ओढून घेतलीस," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि हसत पाणी आणायला आत गेल्या.

परत आल्या तेव्हा हातात तांब्या-भांडं होतं. रात्रभर ओट्यावर राहिलेलं पाणी, पितळेचं भांडं. कुमुदिनीनं भांडं घेतलं आणि ते तसंच खाली ठेवून काकूंचे हात धरले. तीन बोटं मधल्या पेरापासून पांढरीफटक पडली होती, रक्त म्हणून नव्हतं त्यांत. बघता बघता ती निळसर झाली.

"काकू, असं कधीपासून होतंय?"

"हे होय? थंडी आहे ना गं. शेगडीपाशी बसले की जातं."

"और ये घाव?"

"पाकाचे चटके ते," भालचंद्रराव अभिमानानं म्हणाले. "तीस वर्षं हलवा करतेय. काटा काय उगीच येतो?"

कुमुदिनीनं एक बोट उजेडात धरलं. मग कातडी चिमटीत धरून बघितली. ती धरलीच जाईना, हाडाला चिकटल्यासारखी ताठ होती. तिनं काकूंना तोंड उघडायला सांगितलं, तर तेही पुरतं उघडेना. जिना चढताना दम लागतो का, असं विचारलं. सरोजिनीबाईंनी "वय झालं आता" असं म्हटलं, पण भालचंद्रराव मध्येच बोलून गेले, की हल्ली ती मधल्या पायरीवर थांबते आणि मला सांगते की देवळाचा कळस बघतेय.

"काका, हलवा फक्त पौषात करता ना? मग हे चटके बाकीचे महिने नसतात?"

भालचंद्रराव "नसतात" म्हणायला गेले आणि त्यांना गौरी आठवल्या. भाद्रपदात गौरींना साडी नेसवताना हिच्या बोटाला चिंधी होती. बांधली त्यांनीच होती. तेव्हा काय म्हणाले होते ते? मोदकांची वाफ. आणि त्याआधी एकदा तव्यावर ढकललं होतं, एकदा इस्त्रीवर. तीस वर्षं ते ही बोटं गुंडाळत होते आणि जिथे पाक नव्हता तिथेही त्यांनी काही ना काही तापवून ठेवलं होतं.

"काका, ये जले हुए नहीं हैं," कुमुदिनी हळूच म्हणाली. "या बोटांना रक्त पोचत नाहीये."

ज्या बाईचे हात दिवसभर शेगडीवर असतात तिला थंडीचा आजार आहे हे कुणाच्या डोक्यात यावं? गल्लीतल्या डॉक्टरांनीही दरवर्षी भाजल्याचं मलमच दिलं होतं.

तपासण्या झाल्या. रक्त झालं, छातीचा फोटो झाला, हृदयाचा इको झाला. स्क्लेरोडर्मा असं आजाराचं नाव निघालं आणि त्यानं फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या नळ्यांपर्यंत हात घातला होता. तिथला दाब वाढला होता, हृदयाची उजवी बाजू त्याच्याशी झुंजत होती. दम लागायचा तो त्यामुळे. कुमुदिनीनं हे सगळं दवाखान्यात दोघांना समोर बसवून सांगितलं. भालचंद्रराव टेबलावरचे रिपोर्ट पुन्हा पुन्हा तारखेप्रमाणे लावत होते.

"नीट समजावून सांग गं यांना. कायद्यात बसलं की यांना धीर येतो," त्या म्हणाल्या.

कुमुदिनीनं कागदावर एक नळी काढली. "ही रक्तवाहिनी. हिला आतून अस्तर असतं. ते अस्तर एक द्रव्य तयार करतं, एंडोथेलिन. त्याचा निरोप एकच, नळी आवळा."

"म्हणजे आदेश."

"आदेश म्हणा. आणि तो मुळात वाईट नाही, काका. थंडीत अंगातली ऊब राखायची तर बाहेरच्या नळ्या आवळायलाच हव्यात. तुमच्या-माझ्या अंगातही निघतोच तो. पण काकूंच्या अंगात तो थांबतच नाही. एकावर एक निघतोय. नळ्या आवळून आवळून जाड झाल्यात."

"आणि बजावतो कोण?"

कुमुदिनी हसली. "नळीच्या स्नायूंवर रिसेप्टर असतात. निरोप तिथे पोचला तरच काम होतं. ते दोन जातीचे, ए आणि बी. ए सरळ आहे, निरोप आला की आवळतो. बी जरा उलटसुलट आहे. स्नायूवरचा 'बी' हा 'ए'सारखाच वागतो; पण अस्तरावरचा बी नळी सैल करतो आणि जादा एंडोथेलिन उचलून फेकतो."

"दुतोंडी आहे," भालचंद्रराव म्हणाले. असे साक्षीदार त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

"आता एक नवीन औषध मिळायला लागलंय, बोसेंटान. ते या दोन्ही रिसेप्टरवर जाऊन आधीच बसतं. एंडोथेलिन येतं, पण त्याला जागाच मिळत नाही."

भालचंद्ररावांच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा रंग आला. "मतलब, आदेश रद्द होत नाही. निघतोच. पण बजावणी होत नाही. स्टे!"

"बरोबर, स्टे."

"आणि तो बिचारा चांगला बी, त्यालाही स्टे?"

"त्यालाही. तेवढं सोसायचं. आजार यानं बरा होत नाही, काका, हे आधीच सांगते. पण दम कमी लागेल, आणि नव्या जखमा कमी होतात असं दिसतंय. ज्या आहेत त्या मात्र आपल्या आपणच भरायच्या. आणि दर महिन्याला रक्त तपासायचं, लिव्हरला त्रास होतोय का ते बघायला. त्यात चुकायचं नाही."

"दर महिन्याची तारीख," भालचंद्रराव म्हणाले. "चुकणार नाही."

सरोजिनीबाईंनी एवढंच विचारलं, "आणि हलवा?"

"हलवा बंद, काकू. पहाटेच्या गारठ्यात परात घेऊन बसणं आता नाही."

भोइट्यांच्या सुनेचे दागिने त्या संक्रांतीला पुण्याहून मागवले गेले. दाणे मोठे होते आणि काटे बोथट. सरोजिनीबाईंनी ते हातात घेऊन बघितले, "छान आहेत" म्हणाल्या आणि आत जाऊन बराच वेळ देवघर पुसत बसल्या. घर पुसून झालं की पुन्हा पुसायचं, हे त्यांचं रडणं होतं, आणि भालचंद्ररावांना ते चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना कुमुदिनीनं काकांना दारात थांबवून आणखी एक गोष्ट सांगितली होती. "पुढचा हिवाळा काकूंना इथे नको. औषध आपलं काम करेल, पण ही थंडी रोज उठून त्याच्या विरोधात जाईल. कुठेतरी उबदार जागी ठेवा. बळवंतदादा रायपूरला आहे ना? उत्तम."

भालचंद्ररावांनी मान हलवली आणि ते वाक्य तिथेच दारात सोडलं. त्याच आठवड्यात त्यांनी भोपाळला नवीन अर्जी धाडली. आईला गंभीर आजार, एकुलता मुलगा, सबब त्यास ग्वाल्हेरी ठेवावे. जन्मात मिळाला नव्हता असा भक्कम मुद्दा हाती लागला होता. तो आपल्या बायकोच्या छातीतून आलाय, हे अर्जी लिहिताना त्यांना एकदा बोचलं. पण त्यांनी सही केली.

औषधानं गुण दिला. चैत्र येईतो सरोजिनीबाई कळस न बघता जिना चढू लागल्या. घोटे थोडे सुजायचे, त्याचं कुमुदिनीनं बघितलं. भालचंद्रराव दर महिन्याला बायकोला रक्त द्यायला नेत आणि रिपोर्ट निर्मळ आला की बाहेर पडल्यावर दोघं इंदरगंजच्या चौकात उभ्यानं कचोरी खात. सरोजिनीबाईंना सारखं वाटायचं, ही कचोरी लिव्हरला चालते का ते एकदा विचारावं. पण नको म्हणाली तर, म्हणून विचारलं नाही.

वैशाखात रायपूरला नात झाली. तिला सगळे छकुली म्हणू लागले. आणि दसरा झाल्यावर बळवंतचा फोन आला.

"बाबा, हो गया! मध्य प्रदेश मिला. ग्वाल्हेर डिव्हिजन! आईच्या मेडिकलवर झालं."

भालचंद्ररावांनी फोन ठेवला आणि ते तसेच पायांत सपाता घालून पेढे आणायला गेले. साऱ्या माधवगंजात वाटले. "स्टे मिळाला," असं प्रत्येकाला सांगितलं. पोस्टातल्या बाबूला दोन पेढे दिले. रात्री जेवताना म्हणाले, "अण्णा असते तर खूश झाले असते. आपल्या घरातलं कुणी हललं नाही."

सरोजिनीबाईही खूश होत्या. छकुलीचं बोरन्हाण आता इथेच होणार. "तिच्यापुरता हलवा मी करणार हं," त्या म्हणाल्या. "एक मुकुट आणि एक हार. कुमुदिनीला सांगायचं नाही."

बळवंतला महिन्याभरात हजर व्हायचं होतं. एकदा इकडे आला की पुन्हा तिकडे जायची सोय नाही, निवड एकदाच, असं त्यानं दुसऱ्या फोनवर सांगितलं. शामला, त्याची बायको, तिथे शाळेत शिकवत होती. ती आपली नोकरी सोडणार होती. "आईसाठी करतोय, तर काही वाटत नाही," तो म्हणाला. त्या वाक्यावर भालचंद्रराव जरा घुटमळले, पण तेवढंच.

कार्तिक लागला तशी हवा पालटली. एका सकाळी भालचंद्रराव साबण लावलेल्या गालानं दाढीचं पाणी घ्यायला आत आले तर सरोजिनीबाई तुळशीला पाणी घालून उभ्या होत्या. त्यांना बघताच बाईंनी उजवा हात पदराखाली घेतला.

"काय झालं?"

"काय व्हायचंय?"

"हात दाखव."

"अहो, दाढी करा ना तुमची. पाणी निवतंय."

छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोवर हात ओढून घ्यायची जबरदस्ती कधी केली नव्हती. आज केली. दोन बोटं पांढरी पडली होती आणि तर्जनीच्या टोकाला एक लहानसा, काळपट खड्डा पडत होता. शेगडी पेटायला अजून दोन महिने होते. घरात पाकाचा थेंब नव्हता.

भालचंद्रराव खाली पायरीवरच बसले. बोटं दोन्ही तळव्यांत धरून त्यांवर फुंकर घालत राहिले. साबण गालावर सुकत गेला.

"मला कुमुदिनीनं सांगितलं होतं," ते शेवटी म्हणाले. "पुढचा हिवाळा इथे नको म्हणून. मी तुला सांगितलं नाही."

"मलाही सांगितलं होतं तिनं," सरोजिनीबाई म्हणाल्या. "मीही नाही सांगितलं तुम्हाला."

"तू का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत? मला रायपूरला पोचवून परत आला असता आणि इथे एकटे खिचडी खात बसला असता. ग्वाल्हेर सोडून राहिलाय कधी? उज्जैनला लग्नाला गेलो तर तिसऱ्या दिवशी तुम्हाला ताप आला होता." त्या थांबल्या. "मला तुमच्याशिवाय कुठे राहायचं नाही. दम लागला तर लागला."

इतकं सरळ ती कधी बोलली नव्हती, आणि बोलली ती अशी, तुळशीपुढे, त्यांच्या अर्ध्या गालाला साबण असताना.

"पण अण्णा म्हणायचे..." ते पुटपुटले.

"नकाशा बदलला म्हणून माणसानं हलायचं नसतं. पाठ आहे मला." सरोजिनीबाई त्यांच्या शेजारी पायरीवर टेकल्या. "सासूबाईंनी मला काय सांगितलं होतं ते सांगू? तेव्हा उषावन्सं पोटात होत्या. आधीची दोन गेलेली. इथल्या दाईवर त्यांचा फार भरवसा. भोपाळला जायचं म्हटल्यावर त्या रडून रडून आजारी पडल्या. म्हणून मामंजींनी नोकरी सोडली. बायकोसाठी सोडली असं कचेरीत कसं सांगायचं? मग ते नकाशाचं काढलं त्यांनी."

"हे तू मला आज सांगतेस?"

"तुम्ही कौतुकानं सांगत होता सगळ्यांना. कशाला मोडायचं?"

भालचंद्ररावांना हसू यायला लागलं. आधी पोटात, मग खांद्यांत, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी त्याच सुकलेल्या साबणाच्या हातानं ते पुसले, त्यामुळे आणखीच चुरचुरले. अण्णा, ते ताठ मानेचे, पगडीवाले अण्णा, रडणाऱ्या बायकोसाठी घरी बसले होते.

दाढी अर्धीच ठेवून ते उठले आणि त्यांनी रायपूरला फोन लावला.

"बळवंत, इकडे हजर होऊ नकोस. तिथेच राहायचं लिहून दे."

"बाबा? अरे चार साल से आप ही तो पीछे पड़े थे!"

"होतो. आता नाही. तुझ्या आईला तिथली हवा पाहिजे. दिवाळी ते होळी आम्ही तुझ्याकडे. दरवर्षी."

बळवंतनं विचारलं, "आम्ही म्हणजे? आप भी?"

"नाही तर काय तिला पार्सल करू?"

"और घर?"

"घराला कुलूप लावता येतं," भालचंद्रराव म्हणाले. हे वाक्य आपल्या तोंडून आलं याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. फोनच्या पलीकडून शामला कुणाला तरी आनंदानं हाका मारत असल्याचं ऐकू आलं. मुलगा आणि सून चार वर्षं आपल्या धाकानं गप्प होती, हे त्यांना तेव्हा कळलं.

रायपूरला पौष म्हणजे नावाचा पौष. सकाळी एक शाल पुरते आणि दहा वाजता तीही खांद्यावर जड होते. भालचंद्ररावांना पहिल्या आठवड्यात ताप आला नाही, हे सरोजिनीबाईंनी फोन करून कुमुदिनीला मुद्दाम सांगितलं. इथल्या रक्ततपासणीचा पहिला रिपोर्टही निर्मळ आला. चौकात कचोरी नव्हती, पण भजी होती.

तर्जनीचा खड्डा हळूहळू भरत आला. नवीन झाला नाही.

संक्रांत आठवड्यावर आली तेव्हा भालचंद्रराव पहाटे उठले, गच्चीवर शेगडी नेली, परात ठेवली, खसखस घेतली आणि हाक मारली, "सरोजिनी, सांग आता कसं ते."

"तुम्ही करणार?"

"मग? छकुली काय पुण्याचा हलवा घालणार?"

सरोजिनीबाई शाल पांघरून खुर्चीवर बसल्या आणि सांगू लागल्या. अहो, एवढा पाक नको. धग कमी करा. दाबू नका, नुसती बोटं फिरवा, गालावरून फिरवल्यासारखी. अहो, कुणाच्या गालावरून असा हात फिरवतात का? भालचंद्रराव घामाघूम होऊन फिरवत राहिले. पहिल्या दिवशी गोळा झाला. दुसऱ्या दिवशीचा छकुलीला खाऊ म्हणून दिला. तिसऱ्या दिवशी दाणे सुटे झाले, पांढरे झाले, टपोरे झाले, पण काटा काही येईना. चौथ्या दिवशीही नाही. हवेत तेवढी धारच नव्हती. मण्यांसारखे गुळगुळीत दाणे परातीत घरंगळत होते.

"काटा नाही आला," भालचंद्रराव म्हणाले. ज्या माणसानं झाशीपर्यंत काट्याचं कौतुक सांगितलं होतं, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

सरोजिनीबाईंनी एक दाणा तोंडात टाकला. "गोड आहे. आणि बाळाला टोचायचा नाही. बरंच झालं."

शामलानं वर येऊन दोरा आणि काळं झबलं ठेवलं. दागिने ओवायला भालचंद्ररावांनी सुई उचलली आणि चटकन खाली टाकली. उजव्या हाताच्या तीन बोटांना टपोरे फोड आले होते. चार दिवस त्यांनी ते कुणाला दाखवले नव्हते.

"बघू," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"काही नाही गं."

"हात दाखवा."

त्यांनी हात पुढे केला. सरोजिनीबाईंनी एकेक बोट उजेडात धरून नीट बघितलं, कुमुदिनीनं बघितलं होतं तसं. दाबून बघितलं. रक्त हटलं आणि लगेच परत आलं. मग त्यांनी मान हलवली.

"हे मात्र पाकाचेच आहेत," त्या म्हणाल्या.

शामलाकडून त्यांनी तूप मागवलं, जुन्या धोतराची चिंधी फाडली आणि पहिलं बोट गुंडाळायला घेतलं. त्यांची बोटं अजून ताठ होती, चिमूट नीट मिटत नव्हती, पण टोकं गुलाबी होती. गाठ दोनदा सुटली. भालचंद्रराव हात पुढे करून, मदत न करता, बसून राहिले.